घरच्या घरी बिअर बनवता येते का? बिअरच्या शहरात राहणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत उत्तर

मागच्या महिन्यात एका मित्राने रात्री अकरा वाजता एक रील पाठवली. परदेशातला एक माणूस स्वयंपाकघरात उभा आहे, गॅसवर मोठं पातेलं, शेजारी झाकणाची बादली. तीस सेकंदांत धान्य उकळतं, बादलीत जातं, बुडबुडे येतात आणि शेवटी ग्लासात फेसाळणारी सोनेरी बिअर. खाली मित्राचा मेसेज : "किट ऑनलाइन मिळतंय. कार्टमध्ये टाकलंय. पैसे अर्धे-अर्धे?"

मित्र छत्रपती संभाजीनगरचाच. म्हणजे ज्या शहराच्या एमआयडीसीत देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांची बिअर तयार होते, त्या शहरातला. त्यामुळे त्याचा युक्तिवादही तयार होता : "इथे लाखो लिटर बनते, आपण दहा लिटर बनवली तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या त्याचा नाही. अशा रील्सच्या खाली मराठी कमेंट्समध्ये हाच प्रश्न सारखा दिसतो. म्हणून हा लेख. घरी बिअर कशी बनते, तिचे वेगवेगळे प्रकार एकाच पातेल्यातून कसे निघतात, त्यात धोका किती आणि मुख्य म्हणजे महाराष्ट्रात हे केलं तर काय होऊ शकतं, हे एकेक करून बघू.

आधी थोडक्यात उत्तर

घरी बिअर बनवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या आणि दही विरजणाऱ्या घराला त्यातली निम्मी गोष्ट आधीच माहीत असते.

पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा आहे. स्वतःपुरती बनवली तरी, विकली नाही तरी आणि दहाच लिटर बनवली तरी. या गुन्ह्यासाठी कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि ती रीलमध्ये कोणी सांगत नाही.

आता सविस्तर.

संभाजीनगर आणि बिअरचं नातं काय?

वाळूज आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग, एबी इनबेव्ह अशा कंपन्यांची बिअर तयार होते. महाराष्ट्रातल्या बिअर उत्पादनाचं हे मोठं केंद्र आहे. एमआयडीसीची जागा, मुंबई-पुण्याची बाजारपेठ रस्त्याने हाताशी आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी, ही त्यामागची सोपी कारणं.

हे नातं सगळ्यात जास्त चर्चेत आलं ते २०१६ च्या दुष्काळात. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागत होतं. तेव्हा प्रश्न उभा राहिला की माणसांना प्यायला पाणी नाही, तर बिअरच्या कारखान्यांना का? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. एप्रिल २०१६ मध्ये खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांचं पाणी आधी ५० टक्के आणि मग ६० टक्के कापण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांना लावलेली कपात याहून बरीच कमी होती.

म्हणजे या शहरात बिअर हा पिण्यापुरता विषय कधीच नव्हता. पाणी, रोजगार, सरकारी महसूल आणि कायदा हे सगळं त्या बाटलीत आहे. घरगुती बिअरचा प्रश्नही शेवटी तिथेच येऊन थांबतो.

बिअर म्हणजे नेमकं काय?

चार गोष्टी : धान्य, पाणी, हॉप्स आणि यीस्ट.

धान्य म्हणजे मुख्यतः बार्ली, आपल्याकडचं जव. ते भिजवायचं, मोड आणायचे आणि मोड आले की वाळवून भाजायचं. याला माल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून वाळवून सत्त्व करतात, ती पद्धत ज्यांनी आजीकडे पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. मोड येताना दाण्यात काही एन्झाइम तयार होतात. त्यांचं काम दाण्यातल्या पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, साखर करणं.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. बिअरचा कडवटपणा आणि वास यांतून येतो. शिवाय हॉप्समुळे बिअर लवकर नासत नाही.

यीस्ट हा एकपेशीय जीव. साखर खातो, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाव फुगतो तो याच वायूमुळे. पाव भाजताना अल्कोहोल उडून जातं, बिअरमध्ये ते राहतं. एवढाच फरक.

माणूस हे हजारो वर्षं करत आला आहे. मेसोपोटेमियात सुमारे ३,८०० वर्षांपूर्वी निनकासी नावाच्या बिअरच्या देवीचं स्तोत्र मातीच्या पाट्यांवर कोरलं गेलं आणि त्यात बिअर बनवण्याची कृतीच वर्णन केली आहे. पण यीस्ट हा सजीव हे सगळं करतो, हे नीट कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवर आख्खं पुस्तक लिहिलं. १८८३ मध्ये कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी शुद्ध यीस्ट वेगळं काढून वाढवलं. त्यानंतर प्रत्येक वेळी तीच चव मिळवणं शक्य झालं. विरजण चांगलं तर दही चांगलं, हे आपल्या घरातलं शहाणपण हॅन्सन यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलं, असं म्हणा ना.

छोट्या घरगुती सेटअपमध्ये ती बनते कशी?

जिथे परवानगी आहे तिथे, म्हणजे अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये, घरगुती बिअर करणाऱ्याकडे साधारण एवढं सामान असतं : वीस लिटरचं स्टीलचं पातेलं, धान्य ठेवायला कापडी पिशवी, थर्मामीटर, घट्ट झाकणाची फूड-ग्रेड बादली, त्या झाकणात बसणारा एअरलॉक, घनता मोजायचा हायड्रोमीटर आणि जाड काचेच्या बाटल्या.

दहा लिटर बिअरसाठी दोन-अडीच किलो माल्ट लागतं. ते भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. चहाची पुरचुंडी बुडवावी तसं. या तापमानाला एन्झाइम स्टार्चची साखर करतात. तापमान थोडं कमी ठेवलं तर बिअर हलकी आणि कोरडी होते, थोडं जास्त ठेवलं तर अंगाने भरलेली आणि गोडसर. ७५-८० अंशांच्या वर गेलं की एन्झाइम मरतात आणि काम थांबतं.

मग धान्य काढून घेतात. उरलेल्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. ते तासभर उकळतात. उकळीच्या सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी टाकलेले वास देतात. आपण तेजपान आधी आणि कोथिंबीर शेवटी का टाकतो, तेच तत्त्व.

उकळलेलं वर्ट पटकन गार करायचं, कारण कोमट अवस्थेत त्यात नको ते जंतू वाढतात. गार झालं की यीस्ट टाकायचं आणि बादली बंद. एक ते दोन आठवडे आंबवण चालते. एअरलॉकमधून वायू बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही.

अल्कोहोल किती झालं हे हायड्रोमीटर सांगतो. सुरुवातीची घनता १.०४८ आणि शेवटची १.०१० असेल, तर फरक ०.०३८. त्याला १३१ ने गुणलं की साधारण ५ टक्के. शाळेतलं गणित इथे कामी येतं.

शेवटी बाटलीत भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर टाकतात. उरलेलं यीस्ट ती खातं, वायू बाटलीतच अडकतो आणि दोन आठवड्यांत फेस तयार होतो.

जुने घरगुती ब्रुअर एक वाक्य नेहमी सांगतात : बिअर बनवणं म्हणजे ऐंशी टक्के भांडी घासणं. उकळल्यानंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. एक पळी राहिली तरी आख्खी बादली आंबट होऊ शकते. आणि या सगळ्याला पाणी लागतं. मोठे आधुनिक कारखाने लिटरभर बिअरला साधारण तीन ते पाच लिटर पाणी वापरतात. घरी गार करणं आणि धुणं धरलं तर हा हिशोब सहज त्याच्या वर जातो. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार यावर घराचं वेळापत्रक ठरतं, तिथे ही गोष्ट छोटी नाही.

एकाच पातेल्यातून वेगवेगळे प्रकार कसे?

गंमत इथे आहे. सामान तेच, पण माल्ट किती भाजलं, हॉप्स किती आणि कधी टाकले, यीस्ट कोणतं आणि तापमान किती, या चार गोष्टी बदलल्या की बिअरचा प्रकार बदलतो.

लागर : भारतात दुकानातून मिळणारी बहुतेक बिअर हीच, माइल्ड असो की स्ट्राँग. हिचं यीस्ट ८ ते १३ अंशांच्या थंडाव्यात काम करतं आणि नंतर बिअर कित्येक आठवडे गार ठेवावी लागते. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवणे, नाव तिथून आलं. सोनेरी पिल्सनर ही लागरच. ती १८४२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सन शहरात पहिल्यांदा बनली. चव साधी असल्यामुळे हिच्यात चूक लपत नाही. म्हणून घरगुती ब्रुअरसाठी हीच सगळ्यात कठीण.

व्हीट बिअर : निम्म्याहून जास्त गहू. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. हे वास यीस्टच तयार करतं.

विट : बेल्जियमची गव्हाची बिअर. यात संत्र्याची साल आणि चक्क धणे टाकतात. मायक्रोब्रुअरीत गेलेल्या अनेकांना पहिल्यांदा आवडते ती ही किंवा वरची.

आयपीए : म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया, पण बनली इंग्लंडमध्ये. ब्रिटिश काळात भारतात राहणाऱ्या इंग्रजांसाठी जहाजाने बिअर यायची. अनेक महिन्यांच्या उष्ण प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप्स टाकलेली. आज कडवट बिअर म्हटलं की हेच नाव पुढे येतं.

स्टाउट : काळीभोर. बार्ली जवळजवळ कॉफीसारखी भाजलेली असते, म्हणून कॉफी आणि कडू चॉकलेटची चव. रंग गडद म्हणजे जास्त स्ट्राँग, हा मात्र गैरसमज. रंग भाजण्यातून येतो, अल्कोहोल साखरेतून.

लागर सोडून वरचे बाकीचे प्रकार एल या कुळातले. त्यांचं यीस्ट १८ ते २२ अंशांना खूश असतं. म्हणूनच जगभर नवखे लोक एलपासून सुरुवात करतात.

आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. बाहेर ४० अंश, घरात पंख्याखाली ३४. एवढ्या उष्णतेत साधं एल यीस्ट अल्कोहोल तर बनवतं, पण सोबत पेंट थिनरसारखा वास आणि डोकं धरायला लावणारे जड अल्कोहोलही बनवतं. त्यामुळे उष्ण प्रदेशात यीस्टसाठी वेगळा फ्रीज लागतो. नॉर्वेच्या खेड्यांतलं 'क्वाइक' नावाचं यीस्ट ३५-४० अंशांतही चांगली बिअर करतं. पण रीलमधली सगळी उदाहरणं थंड देशांतली असतात, हे लक्षात ठेवा.

जिवाला धोका असतो का?

घरची दारू म्हटलं की आपल्याला विषारी दारूच्या बातम्या आठवतात. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने १०० हून अधिक लोकांचा जीव गेला. त्याचं कारण मिथेनॉल.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल अगदी नगण्य असतं. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटनांमागे बहुतेक वेळा दारूत मिसळलेलं औद्योगिक मिथेनॉल असतं. बिअर आंबवणं आणि दारू गाळणं या प्रक्रियाही वेगळ्या. गाळताना तीव्र अल्कोहोलची वाफ तयार होते, तिला आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. त्यामुळे घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या अमेरिकेतही घरी दारू गाळण्यावर संघराज्याचा कायदा बंदी घालतो.

मग घरगुती बिअर पूर्ण सुरक्षित? तसंही नाही. आंबवण संपायच्या आत बाटली भरली किंवा साखर जास्त पडली, तर दाब वाढून बाटली फुटते. काचेचे तुकडे भिंतीत रुततात. याला 'बॉटल बॉम्ब' म्हणतात आणि हा विनोद नाही. वीस लिटर उकळतं पाणी लहान स्वयंपाकघरात हलवताना भाजणं हा दुसरा धोका. आणि अल्कोहोल ते अल्कोहोलच. घरी बनवलं म्हणून ते औषध होत नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दारूचं उत्पादन, बाळगणं, वाहतूक, खरेदी-विक्री हे सगळं राज्य सूचीत आहे. म्हणजे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा.

आपल्याकडे आहे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. आधी याचं नाव मुंबई दारूबंदी कायदा होतं. नाव वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण राज्यात दारूची दुकानं तर उघडी आहेत. पण कायद्याची रचना अशी आहे : मुळात सगळ्याला बंदी, आणि परवाना असेल तेवढ्यापुरती सूट. दारूच्या दुकानावर जो परवाना लागलेला असतो, ती ही सूट. पिणाऱ्याला लागतो तो परवानाही सूटच.

या कायद्यात 'लिकर'च्या व्याख्येत बिअरचं नाव थेट आहे. कलम १२ नुसार दारू बनवायला आणि ब्रुअरी चालवायला मनाई आहे. कलम ६५ शिक्षेचं आहे. बेकायदा दारू बनवणं तर त्यात आहेच, पण ती बनवण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी किंवा उपकरणं बाळगणंही त्यात आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड.

या कलमात किती लिटर, हा प्रश्नच नाही. 'स्वतःसाठी' आणि 'विक्रीसाठी' असा भेदही नाही. हातभट्टीवाल्याला लागणारं कलम आणि हौशी आयपीएवाल्याला लागू शकणारं कलम एकच.

"पण माझ्याकडे पिण्याचा परवाना आहे." तो विकत घेण्याचा, बाळगण्याचा आणि पिण्याचा. बनवण्याचा नाही.

"पण किट तर ऑनलाइन उघड मिळतं." माल्ट हे अन्न आहे, यीस्ट बेकरीत वापरतात, बादली ही बादली आहे. वस्तू विकायला बंदी नाही. कायदा बघतो तो उद्देश. विकणारा वस्तू विकून मोकळा होतो, त्यातून बिअर केली तर जबाबदारी तुमची. सामान, आंबत असलेली बादली आणि त्याची तुम्हीच टाकलेली रील एकत्र असतील, तर उद्देश वेगळा सिद्ध करायची गरज किती उरते, हे तुम्हीच ठरवा.

"पण माझ्या घरात मी काय करतो याच्याशी सरकारचा काय संबंध?" हा गंभीर प्रश्न आहे आणि तो न्यायालयात गेला आहे. गुजरातमध्येही मूळचा १९४९ चाच कायदा चालतो. घराच्या चार भिंतींत दारू पिणं हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, अशा याचिका तिथे दाखल झाल्या आणि २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्या सुनावणीयोग्य ठरवल्या. पण त्या पिण्याबद्दल आहेत, बनवण्याबद्दल नाहीत.

हे फक्त महाराष्ट्रात आहे असंही नाही. केरळमध्ये नाताळला घरी वाईन करायची जुनी रीत आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या अबकारी खात्याने परिपत्रक काढून आठवण करून दिली की परवान्याशिवाय घरी वाईन करणं गुन्हा आहे. दुसरीकडे, काही राज्यांत आदिवासी समाजाला परंपरागत पेय घरच्या वापरापुरतं बनवायची मर्यादित सूट आहे. ती त्या समाजाच्या परंपरेसाठी आहे, हौशी ब्रुअरसाठी नाही.

मग परदेशात कसं चालतं?

न्यू जर्सीतला तुमचा चुलतभाऊ गॅरेजमध्ये बिअर करून फोटो टाकतो, ते खरं आहे आणि कायदेशीरही आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक दिली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. तरीही राज्यांचे कायदे वेगळे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द केला होता.

याचा परिणाम काय झाला? सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत शंभरहून कमी ब्रुअरी उरल्या होत्या. आज त्या नऊ हजारांच्या वर आहेत. त्यातल्या अनेकांचे संस्थापक आधी घरी बिअर करणारे हौशी लोक होते.

महाराष्ट्राने दुसरा रस्ता घेतला. इथे घराला परवानगी नाही, पण लहान व्यावसायिक ब्रुअरीला परवाना मिळतो. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरला सोबत घेऊन ती उभी केली. महाराष्ट्रातल्या मायक्रोब्रुअरींची गोष्ट तिथून सुरू होते. नंतर पुणे-मुंबईत अशा अनेक जागा झाल्या.

अडचण अशी की मायक्रोब्रुअरीला भांडवल लागतं, जागा लागते, परवान्यांची रांग लागते. ज्या मुलाला फक्त दहा लिटरवर हात बसवायचा आहे, त्याच्यासाठी मधली पायरीच नाही.

मग कायदा बदलायला नको का?

दोन्ही बाजू ऐकून घेतल्या पाहिजेत.

हौशी लोक म्हणतात, स्वतःपुरती, विक्रीला बंदी असलेली, लिटरची मर्यादा घातलेली बिअर आणि हातभट्टी यांना एकाच तागडीत तोलणं बरोबर नाही. ब्रुअर घडतात ते अशा हौसेतूनच. ज्या शहरात एवढे कारखाने आहेत, तिथल्या तरुणाला ही कला शिकायला मिळाली तर कामही मिळेल.

दुसरी बाजू हलकी नाही. महाराष्ट्रातल्या दारूबंदीच्या मागण्या कोणी कार्यालयात बसून केलेल्या नाहीत. गावोगावच्या बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली आहे. नवऱ्याची मजुरी दारूत जाते, मारहाण होते, हा अनुभव त्यामागे आहे. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही दारूबंदीचे आहेत. चंद्रपूरला २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हा किती वाद झाला ते आपण पाहिलं. घरगुती सूट दिली आणि तिच्या आडून हातभट्टी चालली तर तपासणार कोण, हा प्रश्नही खराच आहे. शिवाय दारूवरचा कर हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, ते उगाच नाही.

कायदा बदलावा की नाही, यावर मत वेगळं असू शकतं. पण तो आज काय आहे, यावर दोन मतं नाहीत.

आवड असेल तर कायद्यात राहून काय करता येईल?

पहिलं, चव शिका. वयाची अट पूर्ण असेल, बिअरसाठी महाराष्ट्रात ती २१ वर्षं आहे, तर पुणे-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत लहान ग्लासांत चार-पाच प्रकार एकत्र चाखायला मिळतात. वर वाचलेलं केळं आणि लवंग तिथे स्वतः शोधा. गाडी मात्र दुसऱ्याला चालवू द्या.

दुसरं, शिक्षण घ्या. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आंबवण आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षा जगभर मानल्या जातात. केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा फूड टेक्नॉलॉजी शिकणाऱ्यांसाठी वाळूज दूर नाही.

तिसरं, हातच चालवायचा असेल तर आंबवण शिकायला बिअरच लागत नाही. सावरडो ब्रेड करा, व्हिनेगरमधली नव्हे तर मिठाच्या पाण्यात आंबवलेली लोणची करा, ज्वारीची आंबील करा. तापमान, स्वच्छता, वेळ आणि संयम हे चारही धडे त्यात आहेत. आणि चूक झाली तर फार तर पीठ वाया जातं.

चौथं, परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलात आणि तिथला कायदा परवानगी देत असेल, तर तिथे जरूर करून बघा. पण आधी त्या देशाचा आणि राज्याचा नियम वाचा. तयार बाटल्या बॅगेत घालून इथे आणायच्या असतील तर कस्टम्सचा नियमही वाचा.

त्या कार्टचं काय झालं?

मित्राला हे सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रतिसाद : "कोण बघतंय?" दुसरा, थोड्या वेळाने : "पाच वर्षं?"

तो स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. निवड झाली तर चारित्र्य पडताळणी होईल आणि त्यात दाखल असलेला गुन्हा लिहावा लागेल. बिअर कशी लागते हे पुण्यात जाऊन कळू शकतं, पण नोकरीच्या फॉर्ममधल्या त्या एका रकान्याला दुसरा पर्याय नाही.

कार्ट रिकामं झालं. आता त्याच्या स्वयंपाकघरात एक काचेची बरणी आहे. त्यात सावरडोचं विरजण बुडबुडतंय आणि तो रोज त्याचे फोटो पाठवतोय. पहिला ब्रेड दगडासारखा झाला होता. दुसरा खाण्यासारखा होता.